सीट चार बोटं खाली

घाटाच्या तोंडाशी सायकल आली की मला हटकून लघवीला लागायचं. घरून निघताना जाऊन आलेलं असो की नसो. सायकल दरडीला टेकवायची, कॅनची झाकणं एकदा दाबून बघायची आणि बाभळीमागं पळायचं, हा माझा त्या सबंध दुष्काळाचा नेम होता. कुणाला सांगायची सोय नव्हती. दूध संस्थेची सचिव, दहावी पास, गावातली सायकल चालवणारी एकटी बाई, आणि उताराला भेदरते? बायांनी महिनाभर तोंडाला पदर लावून हसायला काढलं असतं.

आमचं गाव वर डोंगरावर. खाली फाट्यापर्यंत घाटाचा कच्चा रस्ता, सात वळणांचा. आधीच्या दुष्काळात रोजगार हमीवर आम्हीच तो फोडला होता, त्यामुळे कुठल्या वळणावर कुठला दगड निसटतो हे मला पाठ होतं. पाठ असलं की भीती कमी होते म्हणतात. साफ खोटं आहे. पाठ असलं की ती दगडाच्या आधीच येऊन बसते.

एरवी डेअरीची गाडी वर गावात यायची. त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. कडबा संपला, म्हशी आटल्या, आणि सगळ्या गावाचं मिळून दोन कॅनही भरेनात. एवढ्याशा दुधासाठी गाडी घाट चढणार नाही, सकाळी सातच्या आत फाट्यावर आणून द्या, असा निरोप आला. सलग आठवडाभर दूध आलं नाही तर आमचं संकलन बंद. संकलन बंद म्हणजे पेंड बंद, आणि पेंड बंद म्हणजे उरलीसुरली जनावरंही बाजाराला. बाप्ये बहुतेक ऊस तोडायला गेलेले, त्यात माझा नवराही. राहिले होते म्हातारे आणि पुढारी. पुढारी काय कॅन वाहतात होय? मी माहेरी वडवणीला भावाच्या सायकलवर शाळेत जायचे, हे मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

संस्था बायांची. चेअरमन माझ्या चुलत सासूबाई. म्हणजे कागदावर. मीटिंगला बाया भिंतीशी पदर ओढून बसायच्या आणि बोलायचे त्यांचे मालक, आमचे मामंजी. गावातली निम्मी जमीन त्यांची, तालुक्यात वजन, आणि सगळं कसं ठरावानं झालं पाहिजे हा त्यांचा हट्ट. कॅन धुवायला अर्धा तांब्या पाणी आणि राख वापरायची, यालाही आम्ही ठराव केला होता. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. लिहायची मी. माझं अक्षर चांगलं होतं, त्याचा मला तोरा होता.

सायकलही त्यांच्याच घरची. पुण्याला शिकणाऱ्या त्यांच्या पोरानं हौसेनं घेतलेली, डोंगरात फिरवायची, जाड टायरची आणि गियरची. हौस फिटल्यावर ती धूळ खात पडली, तेव्हा मामंजींनी ती हार घालून संस्थेला दिली. वेल्डिंगवाल्यानं मागं लोखंडी कॅरियर ठोकून दिलं, दोन्हीकडं कॅन अडकवायला कड्या. सायकल एक नंबर होती, नाव ठेवणार नाही. फक्त ते पोरगं सहा फुटी, आणि मी चार फूट दहा इंच, तेही अंबाडा धरून.

सीट जितकी खाली जाईल तितकी घातली तरी माझ्या पायाची नुसती बोटं भुईला लागायची. सपाटीला त्याचं काही वाटायचं नाही. उताराला मात्र बूड वर आणि डोकं खाली. सगळा भार मनगटांवर. मागून कॅन ढकलतात, आणि अर्धवट भरलेल्या कॅनमधलं दूध तर दर खड्ड्याला वेगळीच उडी मारतं. आम्ही त्यात कडब्याची धुतलेली धाटं आडवी घालायचो, हिंदकळू नये म्हणून, तरी फाट्यावर झाकण काढलं की वर लोण्याचे बारीक कण दिसायचे. ब्रेक दाबून थांबावं म्हटलं तर पाय पोचत नाही. थांबायचं म्हणजे एका अंगावर पडायचं, आणि एका अंगाला होती दरी.

"मग हातात धरून चालत उतरा की," असं धाकटी जाऊबाई म्हणायची. उतरून बघितलं होतं! दुसऱ्याच दिवशी. दोन कॅनची सायकल उताराला माणसाच्या हातात राहत नाही, माणूस तिच्या हातात राहतो. दोन वळणं मला फरफटत नेलं तिनं. चप्पल तुटली, आणि वर गाडीवाला म्हणाला, "बाई, सात म्हणजे सात." जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे.

तिसऱ्या वळणावर एकदा पुढचं चाक दगडावरून घसरलं. मी ब्रेक दाबला, पाय टेकायला खाली सोडला आणि खाली काहीच लागलं नाही. नुसती हवा. सायकल कलली ती नशिबानं डोंगराच्या बाजूला. कोपर सोललं, पण झाकणं टिकली. मी तिथंच दरडीला गाल लावून किती वेळ पडून होते कोण जाणे. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची. मी दरीत गेले तर हिला कोण बघणार, एवढा एकच विचार डोक्यात पिठाच्या गिरणीसारखा फिरत होता. मग उठले, सातच्या आत पोचले, आणि घरी येऊन कोपराला हळद लावत म्हणाले, गोठ्यात घसरले.

ते खरं वाटलं नाही ते एका धाकट्या दिराला. हा जाऊबाईचा नवरा, उंच, थोराड हाडाचा, बोलायला कमी. दर साली तोही तोडीला जायचा, पण जाऊबाई पहिलटकरीण, तेव्हा ह्या साली घरीच राहायचं असं त्यानं पक्कं केलं होतं. म्हणून संस्थेनं त्याला पेंडीचं काम दिलं. आठवड्यातून एकदा खाली फाट्यावर पेंडीची गाडी यायची, ती पोती त्यानं ह्याच सायकलवरून वर आणायची. पहाटे तो दूरच्या विहिरीवर पाण्याच्या रांगेत असायचा, म्हणून दूध माझ्याकडंच राहिलं. त्याचं काम चढाचं. चढाला सीट उंच लागते, पाय पुरता लांबला तरच जोर बसतो. त्यामुळे तो सीट वर काढायचा आणि मी पान्हा घेऊन खाली घालायची.

माझं कोपर बघून त्यानं सायकल उलटीपालटी केली. सीटचा दांडा आत का जात नाही ते त्यानंच शोधलं. दांडा ज्या नळीत उतरतो ती नळी खाली जराशी वाकडी होती, आणि सरळ दांडा त्या वाकणाशी जाऊन अडत होता.

"वहिनी, दांडा लई लांब हाय. खालून चार बोटं कापला की सीट तितकी खाली जाईल. पाय टेकतील तुमचे."

"मग कापा की, भाऊजी! वाट कशाची बघताय?"

"संस्थेची हाय ना सायकल. मामंजी काय म्हणतील?"

मामंजी काय म्हणणार? ठराव करा म्हणाले. पहिल्या मीटिंगला कोरम भरला नाही, पाण्याचा टँकर आला आणि बाया घागरी घेऊन पळाल्या. दुसऱ्या मीटिंगला मामंजींनाच तालुक्याला जायचं होतं. मधल्या सगळ्या सकाळी मी घाट उतरत होते. रात्रीचं जेवण जाईना. वळणं मोजत झोपायची आणि सहाव्यावर दचकून जागी व्हायची. देवाला म्हणायची, पाऊस राहू दे एखादं वर्ष, आधी हा दांडा काप.

तिसऱ्या मीटिंगला एकदाचा विषय निघाला. मामंजी लोडाला टेकून म्हणाले, "सायकलवाल्यानं पोराला बजावून सांगितलंतं. दांड्यावर एक आडवी खूण हाय. खूण नळीच्या बाहेर दिसली म्हंजे दांडा लई वर निघाला, मोडतोय. तवा कापा, पण तेवढी अट लिहा." घाट कधी न उतरलेला माणूस. उंटावरून शेळ्या हाकायच्या. पण बोलणं शहाणपणाचं वाटलं. बायांनी माना डोलावल्या, दिरानं अनुमोदन दिलं आणि मी सुंदर अक्षरात लिहिलं: सीटचा दांडा खालील बाजूने चार बोटे कापावा. मात्र दांडा खुणेच्या वर काढू नये. सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वडवणीला वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्यानं करवत हातात घेतली आणि विचारलं, "चार बोटं, पण कुणाची?" मी माझा हात पुढं केला. दीर म्हणाला, "त्यांची कसली बोटं, भेंडीएवढी. माझी धरा. तेवढंच जास्त खाली बसता येईल वहिनीला." त्याची जाडजूड चार बोटं दांड्यावर आडवी पडली आणि तिथं करवत लागली. कापलेला तुकडा त्यानं खिशात टाकला. दुष्काळात माणूस काही फेकत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी! काय सांगू. तिसऱ्या वळणावर मी मुद्दाम ब्रेक दाबला. दोन्ही तळवे भुईला टेकले. टाचांसकट. बूड खाली, कॅनच्या रेषेत, हात मोकळे. मी तिथं उभी राहून खाली फाट्याकडं बघितलं, पहिल्यांदाच, आणि मोठ्यानं म्हणाले, "ये म्हणावं आता!" कुणाला म्हणाले देव जाणे. त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पेंडीची गाडी येणार होती, म्हणून दुपारी दीर सायकल घेऊन खाली गेला. मी कोनाडा झाडत होते. तो कापलेला तुकडा तिथं ठेवलेला होता. सहज हातात घेतला, त्यावर माझी बोटं ठेवून बघितली, साडेचार भरली, आणि मला हसू आलं. भेंडी म्हणे.

मग हसू थांबलं. खूण कुठाय?

तुकड्यावर खूण नव्हती. म्हणजे ती वर राहिलेल्या दांड्यावर. सायकलवाल्यानं ती खूण टोकापासून पाचेक बोटांवर केली होती, ती कशासाठी? तेवढी पाच बोटं नळीत राहिलीच पाहिजेत म्हणून. आणि त्यातली चार तर माझ्या हातात होती! आता दिरानं अगदी ठराव पाळून, अगदी खुणेपर्यंतच दांडा वर काढला, तरी नळीत राहणार एक बोट. एका बोटावर तो थोराड माणूस, मागं पोतं, आणि घाट.

मी तशीच अनवाणी पळाले. झाडू हातातच. घाटाच्या तोंडाशी येऊन खाली बघितलं तर तो पाचव्या वळणावर. सायकल हातात धरून ढकलत येत होता, मागं पोतं, सीट उंच. चालत होता. चालतोय, म्हणजे सुखरूप आहे, एवढं सुद्धा मला त्या वेळी सुचलं नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "भाऊजी! भाऊजी, थांबा!"

वारं उलटं होतं. त्याला नुसता माझा हात हललेला दिसला. जाऊबाईला सातवा लागलेला, त्याच्या जिवाला रात्रंदिवस तोच घोर. त्याला वाटलं घरी काहीतरी झालं. तो टांग टाकून सायकलवर बसला, गियर बदलला आणि सगळ्या जोरानं पायडल हाणू लागला. मी ओरडतेच आहे. जितकं मी ओरडते तितका तो जोर लावतो. चौथ्या वळणाच्या अलीकडं सीट मागं वाकलेली मला दिसली. मग सीट एकीकडं, पोतं एकीकडं, आणि तो उजव्या हातावर पालथा.

मी पोचले तेव्हा तो उठून बसला होता. पहिलं वाक्य, "घरी काय झालं, वहिनी?"

"काही न्हाई झालं," मी म्हणाले. "काही न्हाई."

त्याचं उजवं मनगट सुजून कोहळ्यासारखं झालं. हाडवैद्यानं ओढून पट्ट्या बांधल्या आणि महिनाभर हलवू नको म्हणाला. मी त्याला काहीच सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज त्याला नुसती भाकरी कुस्करून द्यायची. का ओरडलात, असं त्यानंही विचारलं नाही. वेल्डिंगवाल्यानं तात्पुरता दांड्याचा एक तुकडा नळीत डकवून दिला, सीट खालीच, आणि मी सकाळचं दूध नेत राहिले.

मग मीटिंग लागली. मामंजींनी मोडका दांडा सतरंजीवर ठेवला. "ठरावात अट स्पष्ट हाय. मग मोडला कसा? एक तर ह्यानं खुणेच्या वर काढला, न्हाईतर ठरावच चुकला. ठराव चुकला असंल तर आपुन रद्द करू. पोराला सांगून पुण्याहून व्हता तसला लांब दांडा मागवतो, आन सायकल व्हती तशी करू. उगं जीव जायला नको कुणाचा."

लेखणी माझ्या हातात होती. दांडा माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यावरची खूण, आणि खुणेच्या खाली उरलेलं ते एक बोट, कुणीही वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं. मला एवढंच म्हणायचं होतं, मामंजी, ठराव चुकला. तीन शब्द. पण ठराव चुकला म्हणजे लांब दांडा. लांब दांडा म्हणजे उद्यापासून पुन्हा बूड वर, डोकं खाली, आणि पायाखाली हवा. मी मान खाली घालून वहीवर रेघ मारत बसले. खरं सांगते, मी भ्यायले. खुर्चीला नाही भ्यायले, सचिवपदाला नाही. त्या तिसऱ्या वळणाला भ्यायले.

मग दीर म्हणाला, "माझ्याच हातनं वर निघाला, मामंजी. घाईत खूण बघितली न्हाई."

"मग तसं सांगावं की, बे!" मामंजींनी मांडीवर थाप मारली. ठराव झाला. ठरावाच्या अटीचा भंग केल्यामुळे सदर इसमाकडून पेंडीचे काम काढून घ्यावे व त्याला सायकल देऊ नये. दांडा कापलेल्या मापाचाच नवीन बसवावा. सर्वानुमते मंजूर. सदर इसम माझ्यासमोर गळ्यात हात बांधून बसला होता आणि मी त्याचं नाव लिहिलं. अक्षर जरासुद्धा हललं नाही, ह्याची मला अजून लाज वाटते.

काम गेलं म्हटल्यावर घरी बसून काय करणार? पट्ट्या सुटल्या त्याच आठवड्यात ऊसतोडीच्या एका मुकादमाला माणसं कमी पडली आणि तो गेला. जोडीनं गेला, त्या मुकादमाला जोडपीच हवी होती. जाऊबाई ट्रकवर चढताना मी तिला खालून हात दिला. तिला नववा लागला होता. लेकरू तिकडंच उसाच्या फडावर झालं. देवाची कृपा, दोघं सुखरूप.

मी वर्षभर दूध पोचवलं. एकदाही पडले नाही. संस्था टिकली, आणि पुढच्या साली पाऊस झाल्यावर गाडी पुन्हा वर येऊ लागली. सगळे म्हणाले, बाईनं संस्था वाचवली. मामंजींनी नारळ दिला.

तोड संपवून ती दोघं त्या पावसाच्या आधीच, चैतात परत आली. दुपारी जाऊबाई लेकराला पाजत आत होती आणि दीर ओट्यावर. मी चहा घेऊन गेले. म्हटलं, आता बोलले नाही तर जन्मात बोलणार नाही.

"भाऊजी, ती खूण... दांडा कापला तवा ती खूण चुकीची झालती. तुमची काही चूक नव्हती. मला ठावं होतं. मीटिंगमध्ये पण ठावं होतं."

तो बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिला.

"मला बी ठावं व्हतं, वहिनी. पडल्या पडल्या दांडा हातात घेतला, तवाच कळलंतं."

मी विचारलं, "मग बोलला कावून न्हाई?"

"बोललो असतो तर सीट परत वर गेली असती," तो म्हणाला. "मग उतरला असता का तुमी?"

उतरले असते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण एक खोटं पचवतानाच जीव गेला होता, दुसरं येईना. त्यानं चहा संपवला आणि कपबशी डाव्या हातानं माझ्यापुढं धरली. जन्माचा उजव्या हाताचा माणूस.